धंदा वाढवताना तोल कसा राखायचा: अंबड-सातपूरला नवा गाळा घेतलेल्यांसाठी

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत, अंबडला किंवा सातपूरला, पहिला गाळा घेतला, दोन मशीन बसवली, कामं यायला लागली की वर्षा-दीड वर्षात दोन प्रकारचे सल्ले एकाच आठवड्यात कानावर पडतात. एक जण म्हणतो, "हीच वेळ आहे, तिसरं मशीन टाक." दुसरा म्हणतो, "कर्जाच्या भानगडीत पडू नकोस, आहे त्यात भागव." दोघांचेही केस धंद्यात पांढरे झालेले असतात आणि दोघांकडेही उदाहरणं तयार असतात. मग नवा माणूस दोघांनाही न दुखवणारं काहीतरी करतो. अर्ध्या किमतीचं जुनं मशीन उचलतो, अर्धं कर्ज काढतो, अर्धी माणसं ठेवतो. याला लोक संयम म्हणतात. मला ते पटत नाही. जुनं मशीन महिन्यातून दहा दिवस बंद राहिलं तर ती तडजोड दोन्ही टोकांपेक्षा महाग पडते.

सुट्या भागांचं मशीनिंग करताना मी प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी तीन गोष्टी कागदावर लिहायला शिकलो: किती पैसे अडकतील, किती महिने अडकतील, आणि अंदाज चुकला तर पगार कुठून होतील. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं तर धाडस करा. नाही आलं तर निर्णय कितीही बेताचा दिसत असला तरी तो बेताचा नाही. पुढचं सगळं या तीन ओळींवरच उभं आहे. उदाहरणं मशीनशॉपची आहेत, पण फॅब्रिकेशन, पॅकिंग किंवा खाद्यप्रक्रियेच्या धंद्यातही थोडे आकडे बदलून तेच गणित लागू पडतं.

हिशेबाला बसण्याआधी हे कागद जवळ ठेवा

- मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, चालू खातं आणि सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्जखातं) दोन्हीचं
- जीएसटीची भरलेली विवरणपत्रं
- गिऱ्हाईकवार येणी, किती दिवसांची थकली आहेत त्यासह
- देणी: माल देणारे, टूलिंगवाले, प्लेटिंग-हीट ट्रीटमेंटवाले
- महावितरणची सहा बिलं. मंजूर भार आणि स्थिर आकार त्यात दिसतो
- सगळ्या कर्जांचे हप्ते आणि ते कधी फिटणार त्याच्या तारखा
- चालू पीओ (गिऱ्हाईकाच्या परचेस ऑर्डर) आणि निदान तीन महिन्यांची शेड्यूल
- उद्यम नोंदणीचं (सरकारकडच्या लहान उद्योगांच्या नोंदणीचं) प्रमाणपत्र
- एक साधी दोनशे पानी वही

उद्यम नोंदणी अजून केली नसेल तर आजच करा. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. 'करून देतो' म्हणून पैसे मागणारी बरीच संकेतस्थळं आहेत, त्यांच्या नादी लागू नका. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योग. म्हणजे नव्या गाळ्यांपैकी जवळपास सगळेच.

१. आधी आहे ते मशीन किती चालतं ते मोजा

"मशीन फुल आहे" हे वाक्य मी एमआयडीसीत इतक्यांदा ऐकलंय की आता लगेच विचारतो, किती तास? उत्तर सहसा येत नाही. मशीन फुल म्हणजे मशीनसमोर माल पडलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

वही मशीनच्या दाराला सुतळीने बांधा. ऑपरेटरने एवढंच लिहायचं: मशीन कधी थांबलं, कधी सुरू झालं, का थांबलं. कारणं मोजकी असतात. सेटिंग. इन्सर्ट (कापणारं पातं) नाही. माल आला नाही. लाईट गेली. पहिला पीस तपासायला क्यूसीची (क्वालिटी तपासणाऱ्याची) वाट. मालक जेवायला गेले आणि ड्रॉइंग त्यांच्या मोबाईलमध्ये. हे शेवटचं कारण लिहायला ऑपरेटर कचरतो, त्याला सांगून ठेवा की लिहिलंस तरी कोणी रागावणार नाही.

महिनाभराने बेरीज करा. आमच्याकडे सेटर बेरीज बघून म्हणाला, "भाऊ, नवीन मशीनचं जाऊ द्या, आधी दुसरं फिक्स्चर बनवा. एक लोड करेपर्यंत दुसरं चालेल." फिक्स्चरचा, म्हणजे मशीनवर भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाचा, खर्च मशीनच्या एका हप्त्यातही निघतो. सगळ्यांच्याच वहीत असं सोपं उत्तर सापडेल असं नाही, पण वही न बघता बँकेत जाऊ नका.

२. राखीव रक्कम ठरवा आणि वेगळ्या खात्यात टाका

काम पूर्ण बंद पडलं तरी जे द्यावंच लागतं त्याची यादी करा: पगार, गाळ्याचं भाडं, हप्ते, विजेचा स्थिर आकार, विमा. याच्या तिप्पट रक्कम धंद्याच्या चालू खात्याबाहेर असायला हवी. तीन महिने हा माझा आकडा आहे. एकच मोठं गिऱ्हाईक असेल तर चार धरा.

सीसीची न वापरलेली मर्यादा राखीव म्हणून मोजू नका. मंदी आली की येणी लांबतात. बहुतेक बँका नव्वद दिवसांपुढची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये (सीसीतून प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेत) धरत नाहीत, त्यामुळे नेमकी गरज पडते तेव्हाच मर्यादा आक्रसते.

३. नवं मशीन: तासांचं गणित

इथे घाई करू नका. एक नमुना मांडतो, आकडे तुमचे घाला.

समजा व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) तीस लाखांचं आहे. सहा लाख तुमचे, चोवीस लाख कर्ज, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता साधारण ५१,६०० रुपये. दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर मिळून ४४,०००. गाळ्याच्या भाड्यातला वाटा १५,०००. वीज २०,०००. टूलिंग, कूलंट, देखभाल १५,०००. एकूण १,४५,६०० रुपये महिना.

तासाचा दर चारशे मिळतो असं धरा. मग खर्च निघायला ३६४ तास बिल व्हायला हवं. आठ-आठ तासांच्या दोन शिफ्ट, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे हातात ४१६ तास. त्यातले साडेसत्त्याऐंशी टक्के तास विकले गेले तर तुम्ही शून्यावर. तुमची वही काय सांगते? जुनं मशीन सत्तर टक्केच चालत असेल तर नवं पहिल्या महिन्यापासून नव्वद टक्के चालेल असं मानायला आधार काय?

आता एकाच शिफ्टचा हिशेब करा, कारण 'सुरुवातीला एक शिफ्ट चालवू, मग बघू' हाच बहुतेकांचा बेताचा वाटणारा विचार असतो. ऑपरेटर एक, २२,०००. वीज १०,०००, टूलिंग ८,०००. हप्ता आणि भाडं तेवढंच. एकूण १,०६,६००. चारशेने भागलं तर २६६ तास लागतात. एका शिफ्टमध्ये आहेत २०८. एकही मिनिट वाया न घालवता मशीन चाललं तरी दर महिन्याला तोटा. म्हणजे या आकड्यांना अर्धवट उडी हा पर्यायच नाही. एक तर दोन शिफ्टचं काम हातात असताना घ्या, नाहीतर कर्ज कमी होईल एवढे पैसे साठेपर्यंत थांबा. तोपर्यंत जास्तीचं काम शेजारच्या गाळ्यात जॉबवर्कला द्या. त्यात मार्जिन कमी सुटतं, पण काम सहा महिने टिकतं का ते फुकटात कळतं.

या टप्प्यावरचे खड्डे:

*सीसीतून मशीन घेणं.* आपल्या वाट्याचे सहा लाख सीसीतून उचलायचा मोह होतो. सीसी माल आणि उधारीसाठी असते. ती मशीनमध्ये अडकली की पुढच्या महिन्यात धातूचे बार, म्हणजे कच्चा माल, घ्यायला पैसे नसतात आणि ऑर्डर हातात असून मशीन उभं राहतं.

*ओपन पीओला ऑर्डर समजणं.* ओपन पीओवर दर असतो, नग नसतात. नग शेड्यूलमध्ये येतात आणि शेड्यूल महिन्याच्या मध्यातही कापलं जातं. बँकेला पीओ दाखवा, पण स्वतःचं गणित मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष उचललेल्या मालावर करा.

*'तारण लागत नाही' ऐकून सैलावणं.* सीजीटीएमएसई या सरकारी हमी संस्थेच्या हमीवर विनातारण कर्ज मिळतं, १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा कोटींपर्यंत गेली आहे. पण ती हमी बँकेला असते. कर्ज तुमच्याच डोक्यावर राहतं आणि हमीचं शुल्कही तुमच्याच खिशातून जातं. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं एनपीए (थकीत) ठरतं, मग दुसरी बँक दारात उभी करत नाही.

४. वाढलेली ऑर्डर किती पैसे खाते ते बघा

नव्या माणसाला हे सगळ्यात उशिरा उमजतं. नफा वाढतोय आणि खात्यात मात्र खडखडाट, असं का? समजा महिन्याची विक्री पाच लाख आहे आणि पैसे अडीच महिन्यांनी येतात. साडेबारा लाख कायम बाहेर. विक्री सात लाख झाली की बाहेरचे झाले साडेसतरा. दोन लाखांच्या कामासाठी पाच लाख जास्तीचे अडकले. शिवाय जीएसटी बिलावर लागतो, पैसे हातात आल्यावर नाही. मासिक विवरणपत्र असेल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला तो भरावाच लागतो, गिऱ्हाईकाने दमडी दिलेली नसली तरी.

छोट्या उद्योगांना खेळतं भांडवल देताना बँका नायक समितीची पद्धत वापरतात. अंदाजित उलाढालीच्या पंचवीस टक्के गरज, त्यातले वीस टक्के बँकेचे, पाच टक्के तुमचे. वर्षाला साठ लाखांची उलाढाल असेल तर बारा लाख बँक, तीन लाख तुम्ही. हे गणित तीन महिन्यांचं चक्र धरून आहे. माल आणून, घडवून, पाठवून पैसे यायला चार महिने लागत असतील तर चौथा महिना तुमच्या खिशातून जाणार. ऑर्डर घेताना दराइतकीच घासाघीस पैशाच्या मुदतीवर करा. खरेदी विभागातला माणूस दरावर हटत नाही, पण मुदतीत पंधरा दिवस कमी करायला कधीकधी तयार होतो.

५. एका गिऱ्हाईकावर किती विसंबायचं

नाशकात एखाद्या मोठ्या कंपनीचं काम मिळणं म्हणजे नातेवाइकांत मान वाढतो. काम सोडा असं मी म्हणत नाही. सुरुवातीची दोन वर्षं ऐंशी टक्के काम एकाकडूनच येणार, त्याला इलाज नाही. पण त्या काळात घेतलेली मशीन, टूलिंग, माणसं फक्त त्याच भागापुरती उपयोगाची नसावीत. खास त्यांच्यासाठीचं मशीन किंवा महागडं फिक्स्चर लागत असेल तर खर्चाचा वाटा मागा, किंवा दरात पसरवून वसूल होईल एवढ्या नगांची लेखी हमी मागा. दोन्ही मिळत नसेल तर हा भाग दुसऱ्याला जाऊ द्या.

तिसऱ्या वर्षापासून कोणीही एक जण चाळीस टक्क्यांवर नसावा, असं मी धरून चालतो. आणि गिऱ्हाईकं मोजताना धंदाही मोजा. चार गिऱ्हाईकं आणि चौघंही एकाच वाहन कंपनीला माल देणारे असतील तर तुमचं गिऱ्हाईक एकच आहे. कांद्यावाल्यांना हे सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ पर्यंत राहिली. ज्यांचे खरेदीदार दहा होते पण दहाही परदेशातले, त्यांची अडचण एकाच खरेदीदारवाल्याइतकीच होती.

६. उधारी: कायदा खिशात ठेवा, फोन आधी करा

२००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यात उधारीची मुदत स्पष्ट आहे. लेखी करार असेल तर ठरलेली मुदत, पण ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. 'पेमेंट नव्वद दिवस' असं पीओवर छापलेलं असलं तरी सूक्ष्म-लघु उद्योगाच्या बाबतीत कायद्यापुढे ते टिकत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरातही तरतूद आली: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये अचानक पैसे येऊ लागले, हे अनेकांनी अनुभवलं असेल. ही तरतूद सूक्ष्म आणि लघु उत्पादक-सेवा उद्योगांसाठी आहे. नुसता व्यापार करत असाल तर तिचा आधार मिळत नाही.

मग लगेच तक्रार करायची का? मी या पायऱ्या पाळतो:

१. पहिल्या चलनापासून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. माल दिल्यानंतर नोंदणी केली तर आधीच्या बिलांवरून वाद निघतो.

२. माल पोचल्याची सही, शिक्का आणि तारीख घ्या. जीआरएन (माल मिळाल्याची त्यांच्याकडची नोंद) झाला का ते आठवड्यात विचारा. 'बिल सिस्टममध्ये दिसत नाही' हे उत्तर पन्नासाव्या दिवशी ऐकण्यात काही अर्थ नाही.

३. चाळिसाव्या दिवशी अकाउंट्समध्ये फोन, त्याच दिवशी मेल. भाषा गोड, आकडे नेमके.

४. साठ दिवसांनंतर नवा माल अडवा. नातं इथे ताणलं जातं, पण तुटत नाही, कारण त्यांचीही लाईन तुमच्या मालावर थांबलेली असते. मात्र आधी दोन दिवस कळवून अडवा. न सांगता गाडी थांबवली तर लाईन बंद पडल्याचं नुकसान तुमच्या बिलातून कापणारी डेबिट नोट येते.

५. शेवटी थकलेल्या बिलांच्या तक्रारीचं सरकारी पोर्टल. अर्ज सुविधा परिषदेकडे जातो, आधी समेट, तो फिसकटला तर लवाद. हा रस्ता ज्याच्याकडून पुन्हा काम नको आहे त्याच्यासाठी आहे, असं मनाशी धरून चला.

गिऱ्हाईक मोठं असेल तर टीआरईडीएसची (बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचाची) चौकशी करा. अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी करणं बंधनकारक झालं आहे. त्यांनी बिल मान्य केलं की एखादी बँक ते वटवून पैसे लवकर देते आणि नंतरची वसुली त्यांच्याकडून होते. व्याज कापलं जातं, म्हणून सगळीच बिलं तिथे टाकू नका. पगाराच्या आठवड्यात कमी पडतील तेवढीच टाका.

७. माणसं

इथे थोडक्यात. ओव्हरटाईम सलग तीन महिने लागला तरच नवा माणूस घ्या. एखाद्या महिन्याच्या गर्दीला भरती करू नका. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो, म्हणून एकोणिसाव्यावर अडून बसणारे बरेच आहेत. काम पंचवीस जणांचं असताना एकोणीस जणांत ओढलं तर रिजेक्शन पीएफपेक्षा महाग पडतं. दिवाळीचा बोनस मात्र जूनपासूनच दरमहा बाजूला टाकत चला.

८. सिंहस्थाची मागणी

२०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून सध्या जो तो काहीतरी वाढवतोय. बॅरिकेड, शेड, तंबूचे सांगाडे, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, पॅकिंगचा फराळ. कमवा की. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, मागचा २०१५ ला होता. पण मागणी जितके महिने टिकणार त्यापेक्षा लांब मुदतीचं कर्ज त्या मागणीसाठी काढू नका. वेल्डिंग मशीन, जनरेटर, जादा जागा भाड्याने घ्या, भाडं जास्त पडलं तरी चालेल. काम बहुधा ठेकेदाराच्या हाताखाली मिळणार, आणि त्याचं बिल निघाल्याशिवाय तो तुम्हाला देणार नाही. निदान मालाची किंमत आगाऊ घ्या. आणि रोजच्या गिऱ्हाईकाचं शेड्यूल त्या काळात चुकवू नका. मेळा संपल्यावरही त्यांचीच गाडी गाळ्यासमोर येणार आहे.

९. निर्णय वहीत उतरवा आणि दुसऱ्याला वाचायला द्या

प्रत्येक मोठ्या निर्णयाला एक पान. तीन ओळी वर सांगितल्याच आहेत. चौथी ओळ: कोणत्या तारखेला काय दिसलं नाही तर थांबायचं. उदाहरणार्थ, 'सहाव्या महिन्यापर्यंत नवं मशीन ३३० तासांवर गेलं नाही तर विकायला काढायचं.' हे मशीन येण्याआधी लिहा. आल्यावर त्याच्यावर जीव जडतो आणि मग दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात होईल' सुरू होतं.

पान दोघांना दाखवा, एक सीए आणि एक तुमच्याच धंद्यातला, ज्याला तुमच्या मशीनमधून कमिशन मिळणार नाही असा. नवीन असाल तर अंबडची आयमा आणि सातपूरची निमा या संघटनांच्या बैठकांना जात राहा, असे लोक तिथेच भेटतात. अनुदानाच्या योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा. पण अनुदान तिसऱ्या ओळीत धरू नका. ते मंजूर झालं तरी हातात कधी येईल ते तुमच्या हप्त्याची तारीख बघून ठरत नाही.

घरच्यांनाही पान दाखवा, विशेषतः घर तारण असेल तर. आणि धंद्यातून घरी किती न्यायचे ते ठरलेल्या पगारासारखं लिहून ठेवा. चांगल्या महिन्यात जास्त उचलले की वाईट महिन्यात घराची सवय मोडत नाही.

सीएकडे वही घेऊन जायला मार्चची वाट बघू नका. मार्चमध्ये त्याला तुमच्याकडे मान वर करून बघायला फुरसत नसते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर ऑडिटमध्ये जातात. ऑडिट आणि दिवाळी उरकल्यावर, नोव्हेंबरात वेळ मागा. सहा महिन्यांचे आकडे तोवर तयार असतात, आणि वर्ष संपायच्या आत काही बदलायचं असेल तर चार महिने हातात राहतात.